वाळल्या भोपळ्यावर नक्षी उतरवताना



दुधी भोपळा आपण कोवळा तोडतो, भाजीला वापरतो, उरला तर बाजार दाखवतो. पण वेलावरच राखलेला, पुरता पिकून खडखडीत वाळलेला भोपळा ही निराळीच चीज आहे. सतारीचा नि तानपुऱ्याचा भोपळा याच कुळातला. मिरजेचे कारागीर तो सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून आणतात. मिरजेच्या या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्याला मोठा, सुडौल भोपळाच लागतो. परसातल्या लहान-वाकड्या भोपळ्याची मात्र नक्षीदार डबी होते, दिव्याची शोभेची झाकणी होते.

पण आधी हिशेब ध्यानात घ्या. वेलावर एक फळ पिकायला ठेवले, की वेलाची ताकद त्याच्या बियांकडे जाते आणि पुढची कोवळी फळे कमी धरतात. म्हणजे वाळलेला एक भोपळा हाती येतो तो चार कोवळ्या भोपळ्यांचे पैसे सोडून. त्यावर नक्षी वाकडी उतरली आणि सुरी फिरली, की सगळा हंगाम पाण्यात. म्हणून कोरण्यापेक्षा नक्षी उतरवण्याला जास्त वेळ द्या, असे माझे सांगणे आहे.

देठ तपकिरी होऊन वाळला की दोन-तीन बोटे देठ ठेवून फळ कापा. हवेशीर सावलीत, एकमेकाला न लागता, टांगून ठेवा. वाळायला काही आठवडे, मोठ्या फळाला काही महिने लागतात. सालीवर बुरशीचे डाग पडतील, त्याने घाबरू नका. बोट दाबून मऊ लागले तर मात्र ते फळ सडले, टाकून द्या. हलवल्यावर बिया वाजल्या आणि फळ हलके लागले, की काम झाले. मग ओल्या पोत्यात रात्रभर गुंडाळून ठेवा आणि सकाळी तारेच्या घासणीने वरची पातळ साल खरवडा. पुन्हा कोरडा होऊ द्या. ओल्या भोपळ्यावर पेन्सिल उमटत नाही.

एका गावी बायकांच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, “भाऊसाहेब, कागुद सपाट अन् भोपळा गोल. बसायचं कसं?” सगळी मेख तिथेच आहे. मी म्हटलं, “मावशी, आधी भोपळा बसवू, मग कागद.” भोपळा घरंगळू नये म्हणून तो चुंबळीवर ठेवावा. डोक्यावर घागर घेताना आपण जी वापरतो तीच. मग सर्वांत फुगीर जागी दोरा गुंडाळावा, टोके जुळली तिथे कापावा. तो दोरा चारदा दुमडला तर घेराचे सोळा भाग होतात, तीनदा दुमडला तर आठ. तेवढ्या खुणा भोपळ्यावर कराव्यात आणि देठापासून बुडापर्यंत पेन्सिलीने फिकट रेघा ओढाव्यात. नक्षीचा एक तुकडा एका भागात बसेल एवढाच काढायचा. अख्खा मोर एकाच कागदावर काढून गुंडाळाल तर त्याची मान सुरकुतीत जाईल! मोठी नक्षी हवीच असेल, तर कागदाच्या कडेला बोट-बोटभर काप द्यावेत, म्हणजे कागद गोलाईवर बसतो.

पुढचे तुम्हाला येतेच. उशीच्या अभ्र्यावर वेलबुट्टी उठवायला तुम्ही पातळ कागदाला सुईने टोचे मारून वरून नीळ फिरवता ना? तोच खाका इथे चालतो. फक्त रॉकेल घेऊ नका, ते सालीत मुरते आणि डाग जात नाही. कोळशाची बारीक पूड फडक्याच्या पुरचुंडीत बांधून टोच्यांवर हलके आपटा. कागद काढला की ठिपके दिसतात, ते पेन्सिलीने जोडा आणि पूड फुंकून टाका. कार्बन कागदही चालतो, पण त्याची रेघ सहज पुसली जात नाही.

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविन सणाला लाल भोपळे कोरतात. तिथेही कागद चिकटवून टोच्यांनीच नक्षी उतरवतात. कोरलेला ताजा भोपळा थोड्याच दिवसांत सडतो, म्हणून पुष्कळ जण फेसासारख्या हलक्या प्लास्टिकचा बनावट भोपळा विकत आणतात. आपला वाळलेला भोपळा कैक वर्षे टिकतो. मग बनावट आणायचा कशाला?

कोरण्याआधी भोपळा दूर ठेवून चारी बाजूंनी पाहा. आरपार कापायच्या दोन भोकांमध्ये निदान बोटभर जागा सोडा, नाहीतर मधली पट्टी तुटते. आतला भुगा घशाला झोंबतो, नाका-तोंडाला ओले फडके बांधा. पोरांना दूर बसवा. आणि आत तेलाचा दिवा किंवा मेणबत्ती बिलकूल ठेवू नका. वाळले कवच पेटते. बारीक एलईडी बल्ब पुरे.

बियांबद्दल एक सांगायचे राहिले. शोभेचे भोपळे पुष्कळदा कडू जातीचे असतात. त्यांच्या बिया भाजीच्या बियांत मिसळू देऊ नका, डब्यावर चिठ्ठी लावा. कडू दुधीच्या रसाने विषबाधा होऊन माणसे दगावली आहेत. भाजीचा दुधी चिरतानासुद्धा एक काप जिभेला लावून पाहावा, कडू लागला तर थुंकून चूळ भरावी आणि आख्खे फळ उकिरड्यात टाकावे.