भिंतीतली भट्टी

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की आमच्या परंड्यात बेकरीच्या भट्टीपुढे बायकांची गर्दी व्हायची. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप घरून न्यायचे, तिथेच पीठ मळायचे, पत्र्याच्या ट्रेमध्ये नानखटाईचे गोळे मांडायचे आणि आपला नंबर येईपर्यंत बसून राहायचे. आमची अम्मी प्रत्येक गोळ्यावर करंगळीचा ठसा उमटवायची. दुसऱ्याच्या ट्रेत मिसळली तरी आपली नानखटाई ओळखू यावी, एवढाच त्यामागचा हेतू. आम्ही दोघे भाऊ डोक्यावर ट्रे घेऊन ये-जा करायचो.

हे सगळे २०१८ च्या रमजानमध्ये पुन्हा आठवले. आमचे फुफेरे भाईजान बारा वर्षे सौदीत राबून परतले होते आणि त्यांनी किल्ल्याच्या बाजूला घर बांधले होते. भाभींच्या स्वयंपाकघरात भिंतीतल्या कपाटात बसवायचा विजेचा ओव्हन आला. "अब भट्टी पे जाने की जरूरत नहीं, अम्मी," भाईजान फुफीला म्हणाले. वायरिंगचे काम आमच्याकडे आले. आम्ही दोघेही वायरमन. हा धंदा अब्बांनी शिकवला.

असा ओव्हन आम्ही पहिल्यांदाच बसवत होतो. त्याच्या पट्टीवर ३००० वॅट लिहिले होते. २३० व्होल्टला म्हणजे साधारण १३ अँपियर. हे ओझे मिक्सर-फ्रिजच्या वायरीवर टाकून चालत नाही. म्हणून बोर्डापासून ओव्हनपर्यंत चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर वेगळी ओढली आणि तिला २० अँपियरचा एमसीबी दिला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच ओव्हनच्या मागे न घेता शेजारच्या भिंतीवर घेतला. मागे घेतला तर आग लागल्यावर बंद कोण करणार? कपाटाची मागची फळी सुताराकडून कापून घेतली, कारण गरम हवा कोंडली की ओव्हन मध्येच बंद पडतो. मंजूर भार वाढवण्यासाठी महावितरणचा अर्ज भाईजानकडून भरून घेतला. शिवाय बोर्डात ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी बसवला. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परत आला नाही, कुठेतरी गळाला, तर हा ब्रेकर डोळ्याचे पाते लवायच्या आत पडतो.

राहिले अर्थिंग. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा घेऊन कोळसा आणि मिठाचे थर दिले. पण आमच्याकडे अर्थिंगचा खरा वैरी दुष्काळ. माती सुकली की वीज जमिनीत नीट उतरत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, असे कुणाला सांगायची आम्हाला शरम वाटायची. या घरात अंगणातच वजूचा नळ होता. त्याचे सांडपाणी गटारात न सोडता आम्ही खड्ड्याकडे वळवले. पाच वेळच्या वजूने खड्डा ओला राहणार होता. फुफी खूश झाली.

दोनच दिवसांत भाभींचा फोन आला, ओव्हन तापत नाही. जाऊन पाहिले तर घड्याळात शून्ये लुकलुकत होती. लाइट जाऊन आली की त्या ओव्हनचे घड्याळ पुसले जायचे आणि वेळ लावल्याशिवाय तो तापायचाच नाही. आम्ही बटण दाखवले. फुफी म्हणाली, "मुआ ये भी मगरिब का वक्त पूछता है क्या?" सगळे हसलो.

पंचविसाव्या रोज्याला मात्र हसण्यासारखे राहिले नाही. तरावीहनंतर मोहल्ल्यातल्या चार बायका आपापले ट्रे घेऊन आल्या होत्या. भाभींनी ओव्हनची खालची-वरची दोन्ही कॉइल चालू केली आणि ईएलसीबी पडला. घर अंधारात. ब्रेकर उचलला की पुन्हा पडायचा. आम्ही बसवताना फक्त खालच्या कॉइलवर चालवून पाहिले होते. ही आमचीच कसूर.

भाईजान म्हणाले, "वो ब्रेकर निकाल दे ना ईद तक. बाद में देखेंगे." शेजारच्या पोराने सुचवले, अर्थिंगची हिरवी वायर सोडा, काम होईल. काम खरेच झाले असते. हिरवी वायर सोडली की गळणाऱ्या करंटला वाट उरत नाही आणि ब्रेकर पडत नाही. पण गळती जात नाही. ती ओव्हनच्या पत्र्यात बसून राहते, कुणाच्या तरी ओल्या हाताची वाट बघत.

हे आम्हाला चांगले ठाऊक आहे, कारण एकदा आम्ही तसे केले आहे. २००३ च्या उन्हाळ्यात मोहल्ल्यातल्या एका घरी कूलर सारखा फ्यूज उडवत होता. अब्बा बार्शीला गेले होते. आम्ही कूलरची अर्थिंग सोडली, कूलर सुरू झाला, पन्नास रुपये मिळाले. तिसऱ्या दिवशी त्या घरातला सात वर्षांचा मुलगा टाकीत पाणी ओतताना चिकटला. त्याच्या दादीने लाकडी काठीचा फटका मारून त्याला सोडवले. मूल वाचले, पण उजव्या हाताची दोन बोटे भाजून वाकडी झाली ती कायमची. अब्बांनी आम्हाला हात लावला नाही. एवढेच विचारले, "काम किसके हाथ का था?" आम्ही गप्प राहिलो. त्या घरीही कधी काही बोललो नाही.

म्हणून त्या रात्री आम्ही भाईजानना नाही म्हणालो. मेन बंद केला, ओव्हन कपाटातून बाहेर ओढला आणि एकेका कॉइलची टोके सोडवून मेगर लावला. खालची कॉइल ठीक होती. वरच्या कॉइलला काटा जवळजवळ शून्यावर. कॉइलच्या नळीत आतली तार आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी भरलेली असते. ती हवेतला ओलावा ओढून घेते. ओव्हन मागचा अख्खा पावसाळा ओलसर खोलीत खोक्यात पडून होता. कॉइल जळली नव्हती, दमट झाली होती. तिला फक्त ऊब हवी होती.

"तो भट्टी पे रख आओ," फुफी म्हणाली.

आम्ही कॉइल घेऊन बेकरीवाल्या चाचांकडे गेलो. चारही बायकांचे ट्रेसुद्धा बरोबर निघाले. नानखटाई निघाल्यावर चाचांनी मंद झालेल्या भट्टीच्या तोंडाशी कॉइल ठेवून दिली. सेहरीनंतर आणून पुन्हा मेगर लावला. काटा वीस मेगओमच्या पुढे गेला. कॉइल जोडली, ओव्हन तासभर कमी आचेवर चालवला, मग दोन्ही कॉइल एकदम लावल्या. ब्रेकर पडला नाही.

त्या पहाटे परतताना किल्ल्याचे बुरूज दिसत होते. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली मुलूख-मैदान तोफ पुढे याच किल्ल्यात होती, १६३२ साली ती विजापूरला नेली. तिच्यावर ती ओतणाऱ्या रूमी उस्तादाचे नाव कोरलेले आहे. आमचे काम गिलाव्याखाली बुजते. त्यावर कुणाचे नाव नसते. काम कुणाच्या हातचे, हे ज्याचे त्यानेच सांगायचे असते.

ईदच्या नमाजनंतर नानखटाईचा डबा घेऊन आम्ही त्या मुलाकडे गेलो. आता तो बावीस वर्षांचा, एस.टी. स्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करतो. आम्ही त्याला २००३ ची गोष्ट सांगितली. तो शांतपणे म्हणाला, "मालूम है, भाई. आपके अब्बा ने उसी हफ्ते आके दादी को बताया था. दवाखाने का पैसा भी वही देते थे. बोले थे, बच्चों को कुछ मत बोलना, वो खुद आएंगे."

अब्बांना जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. आम्हाला यायला पंधरा वर्षे लागली.

तुमच्या घरातही ब्रेकर पडत असेल, तर त्याला काढून फेकू नका. तो का पडतो, ते शोधणारा वायरमन बोलवा. त्याने एक रात्र जास्त घेतली, तर घेऊ द्या.