टोपलीसोबत सांगायची गोष्ट

हिब्रूच्या तासाला यंदा माझ्या वाट्याला आलेला उतारा बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६व्या अध्यायातला आहे. शेतकऱ्याने जमिनीची पहिली उपज टोपलीत घालून याजकापुढे न्यायची आणि टोपली ठेवून मुकाट्याने परतायचं नाही. माझा पूर्वज भटका अरामी होता, मूठभर माणसांनिशी मिसरात गेला, तिथे आम्हाला वेठीला धरून राबवलं, आम्ही आकांत केला आणि देवाने तो ऐकला, हे सगळं मोठ्याने सांगायचं. घर धान्याने भरलेलं असतानाच आपल्या उपाशी पूर्वजाची आठवण काढायची! सेमिनरीच्या ग्रंथालयात या उताऱ्यावर जाड जाड भाष्यं आहेत. मी टिपणं काढते, धातू पाठ करते. पण वाचताना मनात उभा राहतो तो बारामती-इंदापूर रस्ता, कडेचा ऊस आणि डिसेंबरातला तोडीचा हंगाम.

आमचे पुण्यातले दिवस घंटेवर चालतात. पहाटे उठणं, चॅपेल, मग ग्रीक, मंडळीचा इतिहास, दुपारी निबंध, रात्री मेसमधून खोलीवर येताना मिझोरमच्या मैत्रिणीशी वाद. रविवारी वस्तीतल्या मुलांचा शब्बाथशाळेचा वर्ग. सुट्टी लागली की दौंडमार्गे बारामतीची गाडी. वाटेत केडगाव येतं आणि मी खिडकीशी सरकते. इथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक आत्मसात करून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं. खिळे जुळवायला, छापायला मुक्तीतल्याच बायका होत्या. त्यांतल्या कितीतरी दुष्काळातून वाचलेल्या. रमाबाई १९२२ साली गेल्या, ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. हिब्रूची क्रियापदं मला नकोशी होतात तेव्हा त्या बायकांची शाई लागलेली बोटं आठवतात आणि मी पुन्हा वही उघडते.

बारामतीहून पुढे काटेवाडी, भवानीनगर, बेलवाडी, लासुर्णे. आषाढात याच रस्त्याने तुकोबांची पालखी जाते, बेलवाडीला गोल रिंगण होतं. आमची आजी उपासनेला जाणारी बाई, पण वारकऱ्यांसाठी पाण्याचा माठ भरून दारात बसते. नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले असं म्हणत. आजीला टिळक वाचायची गरज पडलेली नाही.

हा कालव्याचा मुलूख. नीरेचं पाणी आलं तिथे ऊस, आलं नाही तिथे सुपे, मोरगाव, उंडवडीकडचं जिरायत. त्या जिरायतात आजीचं माहेर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ऑस्ट्रेलियातून चर्चेस ऑफ ख्राइस्टचे मिशनरी बारामतीला आले होते. साठीच्या दशकात पाऊस दगा देऊ लागला तेव्हा त्याच मिशनच्या एडना व्हॉसरबाई आणि शरद पवारांसारखे इथले तरुण एकत्र आले. कासा या चर्चच्या मदतसंस्थेचा गहू आणि तेल फुकट न वाटता त्यावर पाझर तलाव खोदायचं ठरलं. पुढे १९७१ साली उभ्या राहिलेल्या कृषी विकास प्रतिष्ठानचं मूळ याच कामात आहे. आजीने त्या मातीच्या पाट्या वाहिल्या आहेत. डोक्यावरची चुंबळ, मुकादमाची शिट्टी, आठवड्याचा गहू पदरात घेताना खाली सांडलेले दाणे वेचणाऱ्या पोरी, हे ती असं सांगते की ऐकणाऱ्याच्या मानेला रग लागावी. "देव कुठाय ते आम्हाला इचारू नगं," ती म्हणते, "तळ्यात पाणी साठल्यालं बघितलंय आम्ही." ईश्वरविज्ञानाची माझी पहिली शिक्षिका तीच.

१९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी एक व्याख्यान दिलं आणि त्यातून दलित ईश्वरविज्ञानाची वाट निघाली. पुढच्या लेखनात त्यांनी माझाच हा उतारा घेतला. अरामी माणसाला निदान भटकायची मोकळीक होती, आमच्या पूर्वजाला तीही नव्हती, असं ते दाखवून देतात. पाऊल उमटू नये म्हणून कमरेला फांदी बांधलेला माणूस हा त्यांचा पूर्वज. तो माझाही आहे. आणि राज्यघटनेखालचा १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश त्याला ओळखत नाही. त्यात आधी हिंदूच होते, १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. गावात मात्र कुणी बाप्तिस्म्याचा दाखला बघून शिवाशिव सोडत नाही. हा अन्याय आहे, आणि त्यावर बोलणं हा माझ्या अभ्यासाचाच भाग आहे.

आमच्या मंडळीत सुगीचा सण होतो. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेला कोंबडा, मोळीभर ऊस. उपासना संपली की लिलाव. दहा रुपयांचा दुधी तीनशेला जातो, घेणारा तो पुन्हा दान करतो आणि तोच दुधी परत लिलावाला येतो. मला हा सण मनापासून आवडतो. पण टोपल्या ठेवल्यावर सांगायची ती गोष्ट आम्ही सांगत नाही. आमच्यातल्या काहींना कालव्याखाली तुकडा मिळाला, पोरं नोकरीला लागली, आणि काल आपण कोण होतो हे आठवायचा आम्हाला संकोच वाटतो. समोरच्या रानात तर आज तेच आयुष्य कुणीतरी जगतंय.

बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या त्या रानात असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायला अख्खा हंगाम. गेल्या नाताळच्या सुट्टीत मी तिथल्या एका ताईंपाशी बसले. त्या पाचट सावडत होत्या, हाताला उसाच्या पात्याचे बारीक काप. मी विचारण्याआधीच त्यांनी सांगायला सुरुवात केली: कुठल्या गावच्या, लग्न कितव्या वर्षी, सासऱ्याची उचल नवऱ्याच्या अंगावर कशी आली, पहिलं लेकरू उसाच्या फडात झालं, आता मोठी पोरगी शाळा सोडून धाकट्याला सांभाळते. त्यांच्या भागात कितीतरी बायकांच्या गर्भपिशव्या काढल्यात, त्यावर २०१९ साली सरकारने समितीही नेमली होती. पाळी आली तरी खाडा परवडत नाही, हे त्या सहज बोलून गेल्या.

अनुवादाचा तो अध्याय पुढे सांगतो की तिसऱ्या वर्षीचा दशांश परक्याला, अनाथाला, विधवेला द्यायचा आणि दिला हे देवासमोर उभं राहून बोलायचं. मी ताईंना म्हटलं, सुगीच्या उपासनेला या, हे सगळं तिथे सांगा. त्या म्हणाल्या, "रविवारी बी तोड असती, बाई. खाडा झाला की पैसं कापत्यात."

मंडळीच्या बैठकीत मी तसं मांडलं आहे: सुगीची उपासना रविवारी सकाळी न घेता गाडी भरून कारखान्याला गेल्यावर, संध्याकाळी, कोप्यांजवळच्या मोकळ्या रानात घ्यावी, आणि लिलावाचा एक वाटा कोपीतल्या पोरांच्या शाळेला जावा. पाळकसाहेबांना पटलंय. खजिनदारकाकांचं म्हणणं, देवळाचे पत्रे गळतात, ते आधी. पुढची बैठक फेब्रुवारीत आहे, आणि ताई एप्रिलपर्यंत इथेच आहेत.