टाकीवरचं नाव वाचू नका!

वीकेंडला लोणावळ्याकडे निघालेला बुलेटवाल्यांचा ताफा बघितलाय? त्यातला एक जण हमखास सांगतो, ‘माझी ओरिजिनल ब्रिटिश आहे, बॉस!’ मान डोलवा आणि हळूच आरसी बुक मागा.

ही सवय मला लागली साखरखेर्ड्यामुळे. बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या या गावी आजोबांची बुलेट गोठ्याशेजारी उभी असते. ‘विलायती गाडी’ हा तिचा घरातला किताब. दादाने पुण्याचा एक ग्राहक गाठला. इंग्लंडची असेल तर दुप्पट पैसे, असा त्याचा शब्द. घराच्या स्लॅबचं काम अडलेलं, त्यामुळे सगळ्यांचे डोळे तिच्याकडे. घरात मेकॅनिकल इंजिनीअर मीच, म्हणून खात्री करायचं काम माझ्याकडे आलं.

टाकीवरच्या बिल्ल्यावर जाऊच नका, तो बाजारात मिळतो. उजव्या पायाला गिअर म्हणजे इंग्लिश, हेही खरं नाही. मद्रासच्या बुलेटलाही तो कित्येक दशकं उजवीकडेच होता. आधी क्रँककेसवरचा इंजिन नंबर आणि फ्रेमवरचा चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. आमचे दोन्ही जुळले. मग हेड उतरवून व्हर्नियर लावला. बोअर ७०.५ मिलिमीटर. ३५० चा मूळ बोअर ७०, ५०० चा ८४. स्ट्रोक दोघींचा ९०. म्हणजे ही ३४६ सीसीचीच, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकलेली.

राहिला जन्मगावाचा प्रश्न. आरसीवर साल १९६८. रॉयल एनफिल्डचा इंग्लंडमधला रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला. मद्रासला एनफिल्ड इंडिया १९५५ मध्ये सुरू झाली. आधी रेडिचहून आलेले भाग जोडून आणि १९६२ पासून सगळे भाग इथेच बनवून. थोडक्यात काय, आमची विलायती बाई अस्सल मद्रासी निघाली!

दादा म्हणाला, ‘गप बस ना, त्याला कुठं कळतंय?’ खरंच कळलं नसतं. बाबा मात्र खाटेवरून म्हणाले, ‘जे हाय ते सांग. पितळ सोनं म्हणून कायले विकायचं?’ मी फोन केला. ग्राहक निम्म्या भावावर आला आणि त्या भावात बाबांनी गाडी दिली नाही. स्लॅबसाठी कर्ज काढलं. हप्ता दादा आणि मी मिळून भरतो.

गाडी मात्र आता कागदावर मानाची होऊ शकते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट एकच, रोज ऑफिसला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर.

नाव बदलून काय होतं, हे आमच्या गावाला विचारा. १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने इथे मुबारिझखानाला हरवलं आणि गावाला विजयाचं नवं नाव दिलं. लोक साखरखेर्डाच म्हणत राहिले. तेव्हा जुनी बुलेट घ्यायला निघालात, तर चेकबुकाआधी खिशात व्हर्नियर टाका. आणि मद्रासी निघाली तर नाक मुरडू नका राव, फक्त भाव मद्रासचा द्या!