पन्हाळ्याखालचा फिका पट्टा

पन्हाळ्याला आम्ही निघालो ते खरे म्हणजे हवा खायला. दिवाळीची सुटी, कोल्हापूरहून जेमतेम वीस किलोमीटरचा रस्ता, आणि गडाच्या पायथ्याशी सौभाग्यवतींच्या मामांची शेती. तेव्हा मुक्कामाची चिंता नव्हती. मुलांना सज्जाकोठी दाखवली, १६६० च्या वेढ्याची गोष्ट तीन दरवाजापाशी बसून सांगितली आणि अंबरखान्यात शिरलो. गंगा, यमुना, सरस्वती अशा नावांची ती धान्याची कोठारे पाहून आमचे साडू म्हणाले, "पोटात शिधा असला की गड भांडतो." साडू तासगावचे द्राक्षबागाईतदार, त्यांच्या सगळ्या उपमा पोटापाशी येऊन थांबतात.

तटावरून मामांनी खाली बोट दाखवले. ऊसच ऊस. त्यात एक पट्टा काळाभोर हिरवा आणि त्याला लागून एक फिका.

"त्यो फिका आमचा, जावईबापू," मामा म्हणाले. नापास झालेले पोर पाहुण्यांना दाखवावे, तसा सूर.

मामांनी जुलैत आडसाली लावण केली ती नव्या तऱ्हेने. आधी औषधाच्या पाण्यात बुडवून सुकवलेली टिपरी त्यांनी पुन्हा अर्धा तास अॅसिटोबॅक्टरच्या पाण्यात ठेवली. हा जिवाणू उसाच्या मुळांत आणि कांड्यांत राहतो, हे १९८८ साली ब्राझीलमध्ये योहाना डोबरायनर आणि काव्हालकांते यांनी दाखवून दिले. हवेचा जवळजवळ चार-पंचमांश भाग नत्र, पण पिकाला तो थेट खाता येत नाही. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो पकडून देतात, हे आपण शाळेत शिकलो. हा भाडेकरू गाठ वगैरे काही बांधत नाही. उसाची साखर खातो आणि नत्राच्या रूपाने भाडे देतो.

पण भाडेकरू मोठा मानी. वरून युरियाचा मारा झाला, की उसातली त्याची संख्या घटते, असे मेक्सिकोत आणि आपल्या देशातही आढळले आहे. म्हणून या पाण्यात बुडवलेल्या बेण्याला नत्र निम्मेच द्यावे, अशी शिफारस. मामांनी ती अक्षरशः पाळली. शेजाऱ्यांनी पाळली नाही, आणि गाव येता-जाता दोन्ही पट्टे पाहते!

साडूंनी हळूच विचारले, "आमच्या वेलींतही असतात का हो हे?" असतात. बाग कशी राखली त्याप्रमाणे वेलीतली वस्ती बदलते, असे इटलीतल्या बागांच्या पाहणीत दिसले आहे. साडू गप्प झाले. मोरचूद-चुन्याच्या किती फवारण्या मारल्या, ते मनात मोजत असावेत.

संध्याकाळी गुऱ्हाळावर गेलो. काहिलीतून येणारा तो वास! मुले काकवीने बरबटली. गुळव्याने मात्र ऐकवले, की फार युरिया खाल्लेल्या उसाचा गूळ काळपट होतो आणि टिकत नाही. मामांचा चेहरा घटकाभर उजळला.

घरी परतलो तर सोप्यात युरियाचे पोते. थोरल्या चिरंजिवांनी आणलेले. "आबा, अजून वेळ गेली न्हाई. पंधरा महिन्यांचं पीक हाय, हौस न्हवं." मामा काही बोलले नाहीत. कारखान्याच्या काट्यावर शेवटी टनच मोजतात, हे त्यांनाही ठाऊक होते.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा पोत्याची शिवण तशीच होती. मामा त्यावर बसून चहा पीत होते, शेताकडे तोंड करून.