खर्रर्र...

कामतघरात राहणाऱ्या माणसाला आवाजाबद्दल तक्रार करायचा तसा हक्क नाही. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. खटॅक-खट, खटॅक-खट, दिवसरात्र. लहानपणी मामाच्या गावाला गेलो की मला झोप यायची नाही, कारण तिथे फारच शांत असायचं!

त्यामुळे आमचा फ्रिज नक्की कधीपासून खर्रर्र करत होता, देव जाणे. मे महिन्यात एका रात्री माग बंद होते, तेव्हा तो मला पहिल्यांदा ऐकू आला. कोणीतरी सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवलाय असा आवाज. गंमत म्हणजे फ्रीझरचं दार उघडलं की आवाज गायब, लावलं की परत सुरू. आमच्या धंद्यात असले बग असतात, बघायला गेलं की लपून बसतात.

कारण साधं होतं. दार उघडलं की आतला पंखा बंद होतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये गारवा फक्त वर, फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड लपलेल्या कॉइलवर तयार होतो. पंखा तो खाली ढकलतो. म्हणजे पंखा कशाला तरी घासत होता. कशाला? बर्फाला, दुसरं काय.

शनिवारी फ्रिज रिकामा केला, दारं सताड उघडी ठेवली, दिवसभर पाणी पुसलं. रात्री चालू केला. एकदम शांत! "झालं दुरुस्त," मी आईला ऐटीत सांगितलं. आयटीवाल्याचा रामबाण उपाय, रीस्टार्ट.

दहा दिवसांनी खर्रर्र परत. ऑफिसात रिलीज होती, ऐरोलीहून घरी यायला रात्रीचे अकरा वाजत होते. म्हटलं, शनिवारी बघू. आणि गुरुवारी आवाज आपोआप थांबला की! मी खूश. आपोआप बंद झालेल्या बगइतकं गोड काही नसतं.

पण तो बरा झाला नव्हता, पंखाच बर्फात गच्च रुतला होता. वर फ्रीझरमध्ये बर्फ मस्त होत होता आणि खालचा कप्पा गरम होत चालला होता. हे मला माहीत नव्हतं. आईला दिसलं. दूध नासलं, कोथिंबीर मलूल झाली. मग तिने सरळ विचार केला, खाली गार होत नाही, वर होतंय, तर बाबांचं इन्सुलिन वर ठेवावं. सकाळी बाटली बाहेर काढायची, विरघळली की बाबा टोचून घ्यायचे.

चार दिवसांनी बाबांची साखर तीनशे चाळीस. आईने आंब्यांना दोष दिला आणि बाबांचा आमरस बंद केला. त्या रात्री पाण्यात टाकायला बर्फ काढायला गेलो आणि ट्रेच्या शेजारी त्या बाटल्या दिसल्या...

इन्सुलिन दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं असतं. वापरात असलेली बाटली उन्हापासून जपून बाहेर ठेवली तरी साधारण चार आठवडे टिकते. पण एकदा गोठलं की ते गेलं, विरघळल्यावर कितीही स्वच्छ दिसलं तरी. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळ्या बाटल्या फेकायला सांगितल्या आणि नवीन आणल्या. दोन दिवसांत साखर उतरली. आई मात्र आठवडाभर गप्प होती. तिची काय चूक? "झालं दुरुस्त" असं मी म्हणालो होतो.

शनिवारी मेकॅनिक आला. पाच मिनिटांत म्हणाला, पंख्याची मोटर गेलीय, अठराशे होतील. मी पाकीट काढत होतो तेवढ्यात बाबा उठले.

बाबा तीस वर्षं मागांवर जॉबर होते. बिघडलेला माग चालू करून द्यायचा, हे काम. त्याच्या बदल्यात दोन्ही कान कारखान्यातच ठेवून आले. आमच्या फ्रिजचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नाही. त्यांनी बर्फ वितळेपर्यंत थांबायला लावलं, मग फ्रीझरचं दार उघडं ठेवून दाराची खटकी बोटाने दाबली आणि मागच्या पत्र्यावर तळहात टेकवला.

"मोटर चांगली आहे. सरळ फिरतेय. बर्फ का साठतो ते बघ."

मेकॅनिक चहा पिऊन गेला. मी प्लग काढून पत्रा खोलला आणि मल्टीमीटर घेऊन बसलो. कॉइलवर दव गोठतंच, म्हणून दर काही तासांनी टायमर कॉम्प्रेसर थांबवतो आणि हीटर लावतो. कॉइल पुरेशी तापली की बायमेटल हीटर बंद करतं. तेही चुकलं तर शेवटचा पहारेकरी म्हणजे थर्मल फ्यूज. तो एकदा उडाला की उडाला. हीटर दीडशे वॉटचा, म्हणजे साधारण 350 ओहम हवेत. मीटरवर 348. ठीक. फ्यूज, उडालेला. सापडला!

"फ्यूज बदलतो," मी ओरडून सांगितलं.

"फ्यूज उगाच उडत नाही," बाबा म्हणाले. "आधीचं बघ."

आधीचं म्हणजे बायमेटल. मे महिन्याच्या उकाड्यात त्याचा संपर्क तुटलेला हवा. मीटर तर बीप करत होता. ते चिकटलं होतं, हीटर बंदच करत नव्हतं, म्हणून फ्यूज उडाला होता. नुसता फ्यूज घातला असता तर तोही उडाला असता. आणि फ्यूजच्या जागी नुसती वायर जोडली असती (असले महाभाग असतात), तर फ्रिजच्या पोटात दीडशे वॉटची शेगडी पेटती राहिली असती.

दुकानात दोन्हीचा जोड मिळाला, अडीचशे रुपयांत. लावायच्या आधी बाबांनी तो तपासायला लावला. कुल्फीवाल्याची युक्ती, वाटीत बर्फ आणि मीठ. बायमेटल प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यात बुडवलं. दोन-तीन मिनिटांनी टक्! मला ऐकू आलं. बाबांना बोटांना कळलं. दोघांनी एकदमच मान हलवली.

आता खालच्या कप्प्यात, बाटल्यांशेजारी, एक थर्मामीटर आहे. आई रोज सकाळी आकडा कॅलेंडरवर लिहिते. आज चार. आवाज नाही म्हणजे सगळं ठीक आहे, यावर आमच्या घरात आता कोणाचा विश्वास नाही. आणि रात्री झोपायला जाताना बाबा फ्रिजवर एकदा तळहात टेकवतात. मीही टेकवून बघतो, मला अजून काही कळत नाही.

बाबांचा आमरस परत सुरू झाला का? नाही. असो.