'सिस्टीम घेत नाही' म्हणजे नेमके कोण घेत नाही?

दर रविवारी वंदना झाली की आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही तिघे-चौघे कार्यकर्ते सतरंजीवरच लॅपटॉप उघडून बसतो. शिष्यवृत्ती, निराधार पेन्शन, रेशनकार्डात नाव वाढवणे, जातीचा दाखला, जे येईल ते भरून देतो. मागच्या पावसाळ्यात बारावी झालेली एक मुलगी आली. नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण शिष्यवृत्तीचा अर्ज दोनदा परत आला होता. कारण एकाच ओळीचे: 'माहिती जुळत नाही.'

कोणती माहिती, कशाशी जुळत नाही, याचा पत्ता नाही. आम्ही कागद पसरून बसलो. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार', मुलीच्या दाखल्यावर 'बौद्ध'. वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, उत्पन्नाच्या दाखल्यावर दुसरे. आपल्यापैकी कोणाच्या घरात ही भानगड नाही?

तिला घेऊन कार्यालयात गेलो. खिडकीवरचा माणूस स्वभावाने चांगला होता. त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि म्हणाला, "दादा, माझ्या हातात काय आहे? सिस्टीम घेत नाही." वरच्या साहेबांनीही तेच सांगितले. दरम्यान मुलीच्या आईने बचत गटातून कर्ज काढून फी भरली. शेवटी आम्ही एका ओळीचा अर्ज दिला: अर्ज नाकारण्याचे कारण लेखी व सहीनिशी द्यावे. सही करायची म्हटल्यावर एका अधिकाऱ्याने पहिल्यांदाच फाईल उघडली, दहा मिनिटे कागद पाहिले आणि अर्ज मंजुरीसाठी पुढे पाठवला. चार महिने अडलेले काम दहा मिनिटांचे होते.

प्रामाणिकपणे सांगतो, ती यंत्रणा म्हणजे काही एआय नव्हती. दोन रकाने ताडून पाहणारी साधी सिस्टीम होती. पण आता सरकारी खात्यांना याच्याही पुढे जायचे आहे. लाभार्थी पात्र कोण, बोगस कोण, संशयित कोण, हे यंत्राने सुचवावे अशी तयारी चालली आहे. म्हणून हा विषय आपण आताच समजून घेतला पाहिजे.

शेजारच्या तेलंगणाचे उदाहरण घ्या. तिथे 'समग्र वेदिका' नावाची यंत्रणा उभी राहिली. वाहन, मालमत्ता, वीज अशा अनेक खात्यांची माहिती एकत्र करून ही यंत्रणा ठरवते की अमुक कुटुंब गरीब आहे की नाही. नावात साधर्म्य असले तर एकाची गाडी दुसऱ्याच्या नावावर दिसू शकते, आणि ज्याच्या दारात सायकलही नाही तो कारमालक ठरतो. तेलंगणात लाखो रेशनकार्डे नोटीस न देता रद्द झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने सुमारे १९ लाख रद्द कार्डांची प्रत्यक्ष घरोघरी पडताळणी करायला सांगितले. फेरतपासणीत हजारो कुटुंबे पात्र निघाली. मधल्या काळात ती काय जेवली असतील, हे कोणत्याही डेटाबेसमध्ये नोंदलेले नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपन भत्त्यात कोण फसवणूक करील याचा अंदाज बांधणारी संगणकीय यंत्रणा कर खात्याने वापरली. त्यात अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही एक निकष होता. हजारो पालकांवर फसवणुकीचा खोटा ठपका बसला, कर्जाने घरे मोडली. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला या प्रकरणावरून राजीनामा द्यावा लागला. यंत्राला कोणाचा द्वेष नव्हता. माणसाचा जुना संशय त्याने आकड्यात बसवला, इतकेच.

आपल्याकडे हा जुना संशय म्हणजे जात. 'आमच्या सिस्टीममध्ये जातीचा रकानाच नाही' असे आपल्याला सांगितले जाईल. पण आडनाव आहे, पिनकोड आहे, वस्तीचे नाव आहे, शाळेचे माध्यम आहे. या चार गोष्टींवरून गावातले शेंबडे पोरही जात ओळखते. मग यंत्र का ओळखणार नाही?

तरीही मी यंत्राच्या विरोधात नाही. माझे वडील सांगायचे, त्यांच्या तरुणपणी तलाठी त्यांचा कागद हातात घेत नसे, लांबून टेबलावर ठेवायला लावायचा. त्यांना ऑनलाइन अर्ज आवडला असता. बाबासाहेबांनीही यंत्राला नकार दिला नाही. गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी स्पष्ट मांडले की दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांकडे वळवणाऱ्या समाजरचनेचा आहे. माणसाला ढोरमेहनतीतून सोडवायचे तर यंत्र हवेच. मात्र वडिलांना अडवणारा कोण हे माहीत होते. त्याच्याविरुद्ध अर्ज करता येत होता, त्याच्या दारात धरणे धरता येत होते. सिस्टीमच्या दारात धरणे कुठे धरायचे?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी इशारा दिला होता की संविधानाला हात न लावता, केवळ प्रशासनाचे स्वरूप बदलूनही संविधानाचा आत्मा मारता येतो. आज प्रशासनाचे स्वरूप बदलते आहे.

मग आपली मागणी काय असावी? 'एआय नको' ही आपली मागणी नाही. कॅनडा सरकारने २०१९ पासून आपल्या खात्यांना बंधन घातले आहे की अशी यंत्रणा वापरण्याआधी तिच्या परिणामांचे मूल्यमापन करून ते जाहीर करायचे. आपल्याकडेही कोणते खाते कोणती यंत्रणा कशासाठी वापरते याची यादी मराठीत जाहीर व्हावी. ती लागू करण्याआधी दलित, आदिवासी, भटके विमुक्त यांच्यावर काय परिणाम होतो ते तपासले जावे. आणि यंत्राने फार तर सुचवावे. लाभ नाकारण्याचा आदेश माणसाने, नाव आणि सही करून, नोटीस देऊनच काढावा.

यातली निम्मी हत्यारे आपल्या हातात आधीच आहेत. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(घ) सांगते की निर्णयाचे कारण बाधित व्यक्तीला देणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवेचा अर्ज फेटाळला तर कारण लेखी कळवावे लागते आणि ३० दिवसांत पहिले अपील करता येते. या दोन्ही कायद्यांत यंत्राला सूट दिलेली नाही.

म्हणून तरुण मित्रांनो, पुढच्या वेळी खिडकीवर 'सिस्टीम घेत नाही' ऐकले तर मान खाली घालून परत फिरू नका. तिथेच कोरा कागद घ्या, लेखी कारण मागा आणि पोच घ्या. त्या मुलीने तेच केले. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे, आणि रविवारी आमच्या सतरंजीवर बसून दुसऱ्यांचे अर्ज लिहिते.

जय भीम!