घाई कुणाला होती?

माझा जन्म येवल्यातला, घरात पैठणीचा माग. 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती आमच्या गावात, याचा अभिमान होता. तरी आतून वाटायचं, जरा घाईच झाली. नाशिकचा काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह 1930 चा. पाच वर्षांत दार उघडलं नाही, तर आणखी थोडं थांबायचं होतं. समाज हळूहळू बदलतो, असं मी चारचौघांत ठासून सांगायचो.

आता सांगत नाही. बाबासाहेबांच्या लहानपणीच्या आठवणी वाचल्या आणि ते मत टिकलं नाही.

दापोलीहून सकपाळांचं, म्हणजे बाबासाहेबांच्या वडिलांचं, बिऱ्हाड साताऱ्याला आलं. शाळेत भिवाने, म्हणजे लहानग्या बाबासाहेबांनी, वेगळं बसायचं, स्वतःच्या गोणपाटावर. संध्याकाळी ते घरी न्यायचं. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तसंच कोरडं राहायचं. न्हावी केस कापत नसे, थोरली बहीण कापायची.

मग 1901 चा प्रवास. वडील नोकरीनिमित्त परगावी, मुलं सुट्टीत त्यांच्याकडे निघालेली. अंगात नवे सदरे, डोक्यावर झगमगत्या टोप्या, नेसायला रेशीमकाठी धोतरं. रेशमाचा काठ विणण्यात माझं आयुष्य गेलंय, म्हणून या धोतरांपाशी मी थबकलो. किती हौसेने नटवलं असेल पोरांना! मसूर स्टेशनवर मास्तरांनी आधी आपुलकीने चौकशी केली, जात कळताच त्यांचा चेहरा पालटला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं या बोलीवर. सोबत डबा भरलेला होता, पण पाणी कुणी देईना, म्हणून रात्री पोरं उपाशीच झोपली.

नऊ-दहा वर्षांचं ते पोर. तिथून येवल्यापर्यंत 34 वर्षं, आणि घोषणेनंतरही नागपूरच्या दीक्षेपर्यंत, 14 ऑक्टोबर 1956 पर्यंत, आणखी 21. एवढं थांबलेल्या माणसाला मी घाई केली म्हणत होतो.

आमच्या गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की त्यांच्या पोरांना अजूनही पहिल्यांदा आडनाव विचारतात. जाईल हळूहळू, म्हणून मी गप्प बसायचो. आता विचारणाऱ्याला तिथल्या तिथे, पोरासमोरच टोकतो. दोन-तीन जुने शेजारी त्यामुळे माझ्याशी तुटक वागतात. वागू देत.